देवराई राखायची, पण कोणत्या कायद्याखाली?

कोल्हापूर जिल्ह्यात आजरा, भुदरगड, शाहूवाडीकडं देवराई किंवा सडा (डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार) राखण्याचा विषय ग्रामसभेत निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "उद्या आमची गुरं आत सोडू देणार काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र तुम्ही कुठला मार्ग धरता त्यावर ठरतं, आणि कुठला मार्ग मोकळा आहे ते सातबारा सांगतो. म्हणून आधी त्या गटाचा उतारा काढा.

जमीन खासगी किंवा समाजाच्या मालकीची असेल तर वन्यजीव कायद्याखाली 'सामुदायिक राखीव क्षेत्र' करता येतं. त्याच्या व्यवस्थापन समितीत मुख्यतः गावातलीच माणसं असतात. पण एकदा अधिसूचना निघाली की समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. उद्या एखाद्या हिस्सेदाराला तिथं काजू लावायचा झाला तरी अडणार, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. गायरानाला हा मार्ग लागू नाही. कारभार पंचायतीकडं असला तरी मालक शासनच असतं.

जमीन वनखात्याची किंवा शासनाची असली की खरी निवड दोन मार्गांत.

पहिला, 'संवर्धन राखीव क्षेत्र'. वन्यजीव कायद्यात ही तरतूद 2002 च्या दुरुस्तीनं आली, ती मुख्यतः अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा त्यांना जोडणाऱ्या सरकारी जमिनींसाठी. आपल्या जिल्ह्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही अशी क्षेत्रं आहेत. चांदोलीकडून राधानगरी आणि पुढं तिळारीपर्यंत वाघाच्या, गव्याच्या वाटा याच जंगलांतून जातात. इथं आग लावायला आणि विषारी पदार्थ वापरायला बंदी येते. चराईवर मात्र या तरतुदीमुळं नवी बंदी येत नाही. राखीव वनाचे जुने नियम आहेत तसे राहतात. समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो, पण ती समिती सल्ला देणारी आहे. अभयारण्याची हद्द बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. तसं कुलूप इथं नाही, आणि बॉक्साइटसाठी खणलेले सडे बघितलेल्या माणसाला ही गोष्ट खटकणारच.

दुसरा, 'जैवविविधता वारसा स्थळ', जैवविविधता कायदा 2002 खाली. स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य शासन ते जाहीर करतं. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की गावानं स्वतः ठरवलेल्या बंधनांपलीकडं लोकांच्या चालत आलेल्या वापरावर बंधन येऊ नये. आकाराची अडचण नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळचं स्थळ अवघं 2.11 हेक्टरचं आहे. तिथल्या कुंडात सापडलेल्या माशाच्या जातीला नदीचंच नाव मिळालं, आणि तीच नदी पुढं आजरा, गडहिंग्लजला पाणी देते.

मला विचाराल तर दोन-चार एकरांची देवराई, मधे झरा, भोवती ऊस, अशा बेटासारख्या तुकड्याला वारसा स्थळच बरं. संवर्धन राखीवच्या मोठ्या पसाऱ्यात गावाचा एक प्रतिनिधी असतो आणि झऱ्याचा प्रश्न मागं पडतो. डोंगर सलग असेल, गव्यांची ये-जा असेल, तर मात्र संवर्धन राखीवच मागा. तुकड्याला कुंपण घालून गवा वाचत नाही.

वारसा स्थळ करायचं तर ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती नुसती कागदावर असून भागत नाही. लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, भरताना देवराईतली झाडं म्हाताऱ्या माणसांकडून गावच्या नावांनी लिहून घ्या. ठरावात गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा घाला. आणि प्रस्ताव पुढं पाठवण्याआधी गुरांची वाट, पाणवठा आणि जत्रेची जागा नकाशावर स्वतःच्या हातानं दाखवा.