प्लीहेतल्या गाठी, ऑपरेशन आणि त्यानंतरचे ९ महिने

पित्ताशयातल्या खड्यांच्या शंकेनं सोनोग्राफी केली. खडे नव्हतेच, पण प्लीहा (जुनी माणसं पांथरी म्हणतात ती) वाढलेली आणि तिच्यात सात-आठ गाठी. रिपोर्टमध्ये 'बहुधा हिमँजिओमा', म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. प्लीहेतल्या साध्या (कर्करोगाच्या नसलेल्या) गाठींमध्ये हाच सर्वांत जास्त आढळतो. लहानशी, त्रास न देणारी एकच गाठ असली तर नुसतं लक्ष ठेवतात. माझ्या प्लेटलेट मात्र ८०,००० पर्यंत घसरल्या होत्या.

सीटी झालं, एमआरआय झालं, तरी खात्री होईना. लिम्फोमा किंवा अँजिओसार्कोमा हे कर्करोगसुद्धा कधीकधी असाच दिसतो म्हणे. सुईनं तुकडा का घेत नाही, असं मी तीनदा विचारलं. रक्तानं भरलेला अवयव, त्यात रक्तवाहिन्यांच्याच गाठी. रक्तस्राव आवरणार नाही ही भीती. म्हणजे रोगाचं नाव कळायला अख्खी प्लीहाच काढून द्यायची! हे पचवायला मला ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस लागले. गाठी सगळीकडे पसरलेल्या, त्यामुळे थोडा भाग राखणंही शक्य नव्हतं.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जिवाणूंवरच्या लसी दोन आठवडे आधी घेतल्या. हे अंतर राखाच, लस चांगली लागू पडते. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, चौथ्या दिवशी घरी.

पॅथॉलॉजीचं उत्तर आलं: लिटोरल सेल अँजिओमा. प्लीहेतल्या रक्तपोकळ्यांच्या अस्तरातून होणारी ही गाठ १९९१ मध्ये पहिल्यांदा वेगळी ओळखली गेली. साधी आहे, पण काही रुग्णांत सोबत दुसरीकडे कर्करोग सापडलेला असल्यानं माझी कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) झाली. ती स्वच्छ निघाली आणि त्या रात्री मी खूप दिवसांनी शांत झोपलो.

आता बरगडीखालचं जडपण गेलं आहे. ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट ७ लाखांवर उसळल्या, म्हणून यकृताकडच्या शिरेत गुठळी नाही ना हे पाहायला पुन्हा सोनोग्राफी झाली. दोन महिन्यांत आकडा खाली आला.

एक तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. डिस्चार्जच्या कागदावर तापाबद्दल एक ओळ नव्हती. प्लीहा नसलेल्या माणसाचा साधा ताप काही तासांत जीवघेणा ठरू शकतो, हे मला महिन्याभरानं रक्तविकारतज्ज्ञांकडून कळलं. पाचव्या महिन्यात १०१ ताप आला तेव्हा घरी ठेवलेला अँटिबायोटिकचा पहिला डोस घेतला आणि रात्रीच रुग्णालय गाठलं. निघालं व्हायरल, पण पुन्हा आला तरी असाच धावेन. 'प्लीहा नाही' लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असते, तिची एक प्रत बायकोकडेही दिली आहे.