एकाच हूव्हरवर चौघांचा विसार

मागच्या दिवाळीच्या तीन आठवडे आधी मी हूव्हर या अमेरिकन कंपनीच्या एका जुन्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी ७८,००० रुपये मोजले आणि घरी आणलेले यंत्र खोटे निघाले. त्याच यंत्रासाठी आमच्यातल्या आणखी तिघांनी प्रत्येकी १०,००० रुपये विसार दिला होता, हे मला पैसे दिल्यानंतर बाराव्या दिवशी कळले. जुनी विजेची यंत्रे जमवणारे लोक कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात थोडेच आहेत आणि त्यांतले बहुतेक एकमेकांना ओळखतात, म्हणून हा प्रकार कसा घडला ते तपशिलाने लिहून ठेवतो.

आम्ही पाचजण गेली सहा वर्षे जुने व्हॅक्यूम क्लीनर शोधतो, दुरुस्त करतो आणि चालू स्थितीत ठेवतो. शिवाजी उद्यमनगरातील आमच्या मिस्त्रींचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान हीच आमची भेटण्याची जागा. आर्मेचर, म्हणजे मोटारीतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, तेच भरतात. इचलकरंजीच्या एक ताई कापडाच्या पिशव्या जुन्या विणीशी जुळणारे कापड शोधून शिवून देतात. सांगलीचे एक निवृत्त प्राध्यापक यंत्रांचा इतिहास आणि क्रमांकांच्या नोंदी ठेवतात. चौथे सद्गृहस्थ शाहूपुरीत राहतात आणि निकेल-क्रोमचे काम करवून घेतात. माझ्याकडे आला तो पहिला नग आत्याच्या घरातील हूव्हर ज्युनियर होता, लंडनजवळच्या पेरिव्हेल येथील कारखान्यात तयार झालेला. त्याच्या वायरीवरचे रबर हात लावताच भुगा होऊन पडत होते. नवी वायर, नवे कार्बन ब्रश (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे लहान ठोकळे) आणि दोन बेअरिंगे घातल्यावर तो पुन्हा सुरू झाला, त्या संध्याकाळपासून मी या छंदात आहे.

ज्या यंत्रावर आम्ही फसलो ते हूव्हरचे १५० क्रमांकाचे मॉडेल म्हणून आमच्यापुढे आले होते. हे मॉडेल १९३६ मध्ये अमेरिकेत निघाले. त्याचे बाह्यरूप हेन्री ड्रेफस या नामवंत अमेरिकन रचनाकाराने घडवले होते. त्याआधीच्या उभ्या यंत्रांमध्ये मोटार, पंखा आणि सांधे उघडे दिसत. ड्रेफसने ते सगळे बेकेलाइट या जुन्या, कडक प्लास्टिकच्या एका वळणदार टोपणाखाली घेतले, आणि यंत्र हलके व्हावे म्हणून अॅल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमचे ओतकाम वापरले गेले. आमच्या छंदात या मॉडेलला मान आहे तो यामुळे. आपल्याकडे जुनी यंत्रे सापडतात ती बहुतेक ब्रिटिश बनावटीची, त्यामुळे १५० आपल्या भागात मिळेल अशी आशा आम्ही कधी धरली नव्हती.

विकणारा गृहस्थ पन्नाशीचा, बोलण्यात अतिशय नम्र आणि विषयाचा जाणकार होता. तो आमच्या दुकानातील बैठकीला तीनदा आला. पहिल्या वेळी त्याने मिस्त्रींना जुन्या मापाच्या कार्बन ब्रशांची एक जोडी भेट दिली; दुसऱ्या वेळी प्रत्येकाकडे काय आहे आणि प्रत्येकजण काय शोधतो आहे याची अगदी आपुलकीने विचारपूस केली. त्या वेळी आम्हांला त्यात केवळ आवड दिसली. आज मागे वळून पाहताना वाटते की तो आमची यादी करत होता.

यंत्राची त्याने सांगितलेली कथा अशी होती की ते मिशनच्या एका जुन्या बंगल्यातून, तिथे काम करणाऱ्या माणसाच्या नातवाकडून त्याच्या हाती आले. या कथेला खऱ्या इतिहासाचा आधार होता. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, हे आमच्या भागात पुष्कळांना ठाऊक आहे. अमेरिकन माणसे इथे राहिली होती, म्हणजे एखाद्याने मायदेशाहून यंत्र आणलेही असेल, असा हिशेब माझ्या मनाने आपोआप केला. त्या बंगल्याचे नाव, त्या नातवाचे गाव, एखादे जुने पत्र किंवा छायाचित्र यांपैकी काहीही मी मागितले नाही. परिसराचा इतिहास खरा असला म्हणून वस्तूचा इतिहास खरा ठरत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

मग त्याने मला एकट्याला फोन केला. "काका, तुमच्याइतके हे यंत्र जपणारे दुसरे कोणी नाही. पण इतरांना सांगू नका, नाहीतर किंमत चढेल आणि मित्रांत वाईटपणा येईल," असे तो म्हणाला. याच शब्दांत त्याने इचलकरंजीच्या ताईंना, प्राध्यापकांना आणि शाहूपुरीच्या सद्गृहस्थांना फोन केले होते. फक्त 'काका'च्या जागी 'ताई' आणि 'सर' आले होते. मिस्त्रींना मात्र त्याने एकदाही फोन केला नाही. आमच्यात मोटार उघडून पाहणारा माणूस तोच होता.

सहा वर्षांत आम्ही एकमेकांना न विचारता यंत्राचा एक रबरी पट्टासुद्धा विकत घेतला नव्हता, आणि या खरेदीत चौघांनीही तोंड मिटून ठेवले. मला याचे दुःख पैशांपेक्षा अधिक आहे.

यंत्र पाहण्यासाठी त्याने मला राजारामपुरीतील एका भाड्याच्या खोलीत बोलावले. टेबलावर यंत्र, मागे निळ्या फुलांचा पडदा आणि शेजारी लोखंडी पेटीत व्होल्टेज कमी करणारा एक स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर. अमेरिकेत घरगुती वीजपुरवठा ११० ते १२० व्होल्टच्या आसपास असतो आणि आपला २३० व्होल्टचा, त्यामुळे तिकडचे यंत्र इथल्या प्लगला थेट लावले तर त्याच्या मोटारीतल्या तारांचे वाइंडिंग जळते. म्हणून ट्रान्सफॉर्मर पाहून मला समाधान वाटले. त्याने बटण दाबले, यंत्र अर्धा मिनिट चालले आणि त्याने ते बंद केले. "जुनी मोटार आहे, जास्त ताण नको," असे कारण दिले. गालिचा झाडणारा खालचा ब्रश फिरत नव्हता. त्यावर, तो ब्रश फिरवणारा रबरी पट्टा जुना असल्याने तुटू नये म्हणून काढून ठेवला आहे, असे उत्तर मिळाले. टोपणाच्या स्क्रूंवर लाल लाखेचे ठिपके होते आणि ते कंपनीचे मूळ सील असल्याने तोडल्यास किंमत निम्मी होईल, असेही त्याने बजावले.

या प्रत्येक उत्तरात खोट होती आणि प्रत्येक खोट मला ओळखता यायला हवी होती. अशा यंत्राचे कार्बन ब्रश झिजतात, पट्टा बदलावा लागतो, बेअरिंगला वंगण द्यावे लागते. उघडण्यासाठीच बनवलेल्या यंत्राला ऐंशी वर्षे टिकलेले सील असण्याचे कारणच नाही. मी मल्टीमीटर सोबत नेला होता. तो पिशवीतून बाहेर काढला नाही, कारण समोरच्या माणसावर अविश्वास दाखवणे मला असभ्यपणाचे वाटले. विसाराचे २०,००० रुपये मी आधीच दिले होते. उरलेल्यांपैकी ४०,००० त्याने सांगितलेल्या खात्यावर यूपीआयने भरले आणि १८,००० रोख दिले. खाते त्याच्या नावावर नव्हते. ते मेव्हण्याचे आहे असे तो म्हणाला आणि मी ते मान्य केले. पावती मागितली तेव्हा "घरातल्या माणसांत कसली पावती" असे म्हणून त्याने माझा हात हातात घेतला.

घरी आठ-दहा दिवस मी ते यंत्र केवळ पाहत होतो. एका दुपारी माझी नात त्याच्या दांड्याला हात लावून उभी असताना मी ते सुरू केले आणि ती किंचाळून मागे सरली. तिला झिणझिण्या आल्या होत्या. त्या वेळी तिच्या पायांत रबरी चपला होत्या, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र उद्यमनगरात नेले. मिस्त्रींनी ते पाच सेकंद चालवले आणि लगेच प्लग काढला. "काका, ह्यो आवाज जुन्या मोटारीचा न्हाई," एवढेच ते म्हणाले. जुन्या उभ्या हूव्हरची घरघर खालच्या पट्टीतली, भरीव असते. हा आवाज शिट्टीसारखा तीव्र होता, हल्लीच्या स्वस्त डब्याच्या क्लीनरमधून येतो तसा. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याचे उपकरण, लावल्यावर मोटार आणि बॉडी यांच्यामधील इन्सुलेशन जवळपास शून्य निघाले, जिथे किमान एक मेगओहम तरी असायला हवे. मग त्यांनी लाख खरवडून स्क्रू काढले. आतील नट काढायला १० मिलिमीटरचा पाना नेमका बसला. अमेरिकेत १९३६ साली बनलेल्या यंत्रात इंची मापाचे नट असतात, मेट्रिक नव्हे. पत्रा कापून, वेल्डिंग करून बसवलेल्या पट्टीवर आजकालच्या क्लीनरची २३० व्होल्टची मोटार होती. जुन्या आर्मेचरवर पुष्कळदा सुती वेष्टणाची तार आणि वार्निश दिसते, इथे चकचकीत इनॅमलची तार होती. ही मोटार खालच्या ब्रशाला जोडलेलीच नव्हती, त्यामुळे पट्टा काढून ठेवल्याची गोष्ट का रचावी लागली तेही उलगडले.

टोपण बेकेलाइटचे नव्हते. बेकेलाइट अंगठ्याने गरम होईपर्यंत चोळले की कार्बोलिकसारखा उग्र वास येतो. याला फायबरच्या कामात वापरतात त्या रेझिनचा वास होता. तळाचे ओतकाम तेवढे खरे मॅग्नेशियमचे निघाले, पण त्यालाही दोन मोठे तडे होते. गाड्यांच्या पेंटिंगला वापरतात ती पुट्टी भरून वर रंग मारलेला होता, आणि नखाने टकटक केल्यावर त्या जागी आवाज बद्द येत होता.

शेवटी मिस्त्रींनी ट्रान्सफॉर्मरची पेटी उघडली. आत ट्रान्सफॉर्मर नव्हता. वजन यावे म्हणून ओतकामाचा एक बिडाचा तुकडा बोल्टने आवळलेला होता आणि येणारी वायर तशीच सरळ जाणाऱ्या वायरीला जोडलेली होती. फाउंड्रीच्या या गावात असा तुकडा मिळवायला किती वेळ लागणार! खोलीत ती पेटी गुणगुणत नव्हती आणि गरमही झाली नव्हती, हे मला तेव्हा जाणवायला हवे होते. आपल्या घरचा साधा २३० व्होल्टचा पिवळा बल्ब त्या पेटीला लावून पाहिला असता, तरी पुरे होते. पेटी खरी असती तर तो मंद, लालसर पेटला असता. माझ्या बाबतीत तो लख्ख पेटला असता आणि व्यवहार तिथेच थांबला असता. अशी परदेशी यंत्रे घ्यायला जाणाऱ्याने होल्डरसह एक बल्ब पिशवीत ठेवावा.

हे सगळे चालू असताना ताई पिशवीचे माप घेण्यासाठी दुकानात आल्या. टेबलावरचे यंत्र पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे तुमच्याकडे कसे? याचा विसार तर मी दिला आहे." संध्याकाळपर्यंत प्राध्यापक आणि शाहूपुरीचे सद्गृहस्थ यांच्याशीही बोलणे झाले. तिघांनाही, यंत्र एका परदेशी माणसाने जास्त किंमत देऊन नेले, विसार आठवड्यात परत करतो, असे सांगण्यात आले होते. चौघांपैकी एकाने जरी एका वाक्याने दुसऱ्याला विचारले असते, तरी हे उभे राहिले नसते.

त्याचा फोन तोवर बंद झाला होता. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण यूपीआयचे पैसे जाऊन बारा दिवस उलटले होते. ही तक्रार तासाभरात झाली तर पैसे पुढच्या खात्यांवर जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता असते. खात्यात फारसे काही उरले नव्हते, असे मला सांगण्यात आले. पोलीस ठाण्यात आम्ही चौघांनी मिळून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली लेखी अर्ज दिला आहे. रोख दिलेल्या १८,००० रुपयांचा कसलाही पुरावा माझ्याकडे नाही. तो नेहमी फोनवर बोलायचा, लिहून कधी काही पाठवायचा नाही, त्यामुळे यंत्र १९३६ चे आणि मूळ मोटारीचे आहे असे त्याने म्हटल्याचाही लेखी आधार नाही. निदान "हे मूळ मोटारीसह आहे ना, कृपया लिहून कळवा" असा एक संदेश मी पाठवायला हवा होता. त्याचे उत्तर टाळले गेले असते तरी मला पुरेशी सूचना मिळाली असती.

आता आमच्यात असे ठरले आहे की कोणालाही कुठलेही यंत्र देऊ केले गेले, तर त्याच दिवशी पाचहीजणांना सांगायचे, आणि मिस्त्रींनी उघडून पाहिल्याशिवाय विसारसुद्धा द्यायचा नाही. बेळगाव आणि पुण्याकडच्या ओळखीच्या संग्राहकांनाही आम्ही यंत्राच्या तड्यांची आणि नावाच्या पट्टीची छायाचित्रे पाठवली.

गेल्या महिन्यात बेळगावच्या एका संग्राहकांनी मला एक छायाचित्र पाठवले. हे हूव्हर १५० मिळते आहे, विसार १५,००० मागतो आहे आणि कोणाला सांगू नका म्हणतो आहे, असे त्यांनी सोबत लिहिले होते. फोन क्रमांक नवा होता. चित्रात यंत्राच्या मागे निळ्या फुलांचा तोच पडदा होता, आणि शेजारी तीच लोखंडी पेटी. ते यंत्र त्या वेळी माझ्या टेबलावर उघडे पडले होते. मी त्यांना लगेच फोन केला. त्यांनी अजून पैसे भरले नव्हते.