ॲस्टली कॅसलमधील तीन रात्री : पडक्या वास्तूचा हिशेब

इंग्लंडमध्ये वॉरिकशायरच्या उत्तर भागात, ननीटनपासून थोड्याच अंतरावर ॲस्टली हे लहानसे खेडे आहे. तेथील चर्चच्या शेजारी, खंदकाने वेढलेल्या उंचवट्यावर ॲस्टली कॅसल उभा आहे. नाव 'कॅसल' असले तरी मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर येणारा किल्ला येथे नाही. ही मुळात एका सरदार घराण्याची गढी असून तिला तटबंदी करण्याचा राजपरवाना १२६६ मध्ये मिळाला होता. आज ती 'लँडमार्क ट्रस्ट' या धर्मादाय संस्थेमार्फत सुट्टीसाठी भाड्याने मिळते आणि तेथे आठ माणसे राहू शकतात. गेल्या ऑक्टोबरात आम्ही बरोबर आठ जण तेथे तीन रात्री राहिलो: आम्ही दोघे, आमची दोन मुले, चुलत भाऊ व वहिनी, आणि वाईहून आलेले थोरले काका-काकू. लेस्टरला आमचे घर असल्यामुळे प्रवास जेमतेम तासाभराचा होता, परंतु जाण्याचे खरे कारण वेगळे होते. वाईला आमचा दोन चौकी वाडा आहे, त्याच्या मागच्या सोप्याचे माळवद सहा पावसाळ्यांपूर्वी खाली आले आणि तेव्हापासून 'विकायचा की बांधायचा' हा प्रश्न चौदा वारसांमध्ये फिरतो आहे. पडलेल्या घराचे काय करता येते हे काकांनी एकदा डोळ्यांनी पाहावे, असे मला वाटत होते.

प्रथम वास्तूविषयी. ॲस्टलीचा संबंध इंग्लंडच्या तीन राण्यांशी जोडला जातो. एलिझाबेथ वुडव्हिल ही चौथ्या एडवर्डची राणी होण्यापूर्वी या गढीच्या मालक असलेल्या ग्रे घराण्याची सून होती. तिची मुलगी एलिझाबेथ ऑफ यॉर्क सातव्या हेन्रीची राणी झाली. तिसरी लेडी जेन ग्रे, जिला १५५३ मध्ये अवघे नऊ दिवस सिंहासन लाभले आणि पुढच्या वर्षी जिचा शिरच्छेद झाला. तिचे वडील हेन्री ग्रे बंड फसल्यावर याच परिसरात लपले होते आणि एका पोकळ झाडात सापडले अशी आख्यायिका सांगतात. विसाव्या शतकात येथे हॉटेल चालत असे. १९७८ मध्ये लागलेल्या आगीत त्याची राखरांगोळी झाली आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे ही गढी उघड्या आकाशाखाली, झाडाझुडपांनी वेढलेली, भिंत ढासळत पडून राहिली. नोंदीकृत वारसावास्तूंच्या इंग्लंडमधील तीन श्रेण्यांपैकी ही मधल्या, म्हणजे 'दोन तारांकित' श्रेणीत येते. नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी त्याखालच्या साध्या दुसऱ्या श्रेणीत आहेत, यावरून हिचे महत्त्व कळावे. परंतु नोंद झाली म्हणजे वास्तू वाचली असे नव्हे. नोंद कोणालाही ती पाडू देत नाही, परवानगीवाचून आतला जिनासुद्धा बदलू देत नाही आणि तसे केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरतो. मात्र गळके छप्पर शाकारायला नोंद पैसे देत नाही.

लँडमार्क ट्रस्टची स्थापना १९६५ मध्ये सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टियन यांनी केली. संकटात सापडलेल्या जुन्या वास्तू ताब्यात घ्यायच्या, त्यांचा जीर्णोद्धार करायचा आणि त्या पाहुण्यांना राहायला द्यायच्या, ही त्यांची पद्धत आहे. आज अशा सुमारे दोनशे वास्तू संस्थेकडे आहेत. ॲस्टलीच्या बाबतीत मात्र ही नेहमीची पद्धत अडली. १९९० च्या दशकात संस्थेने येथे प्रयत्न करून पाहिला आणि जशीच्या तशी पुनर्बांधणी आवाक्याबाहेरची ठरल्यामुळे तो सोडून दिला. पुढे २००७ मध्ये निवडक वास्तुविशारदांची स्पर्धा घेऊन अवशेषांच्या आतच आजच्या पद्धतीचे घर बसवण्याची कल्पना मागवण्यात आली. 'विदरफर्ड वॉटसन मॅन' यांचा आराखडा निवडला गेला, २०१२ मध्ये काम पूर्ण झाले आणि २०१३ मध्ये त्याला ब्रिटनमधील वास्तुकलेचा सर्वांत मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला.

ही कल्पना कागदावर वाचून नीट समजत नाही, तेथे चालत गेल्यावर समजते. खंदक ओलांडून दर्शनी भिंतीतून आत शिरले की माणूस घरात येत नाही. तो एका छप्पर नसलेल्या दालनात येतो, जेथे दगडी चौकटींच्या मोठ्या खिडक्यांना काचा नाहीत आणि वर आभाळ आहे. काका तेथेच थांबले, वर पाहिले आणि म्हणाले, "अगं, यांचंही माळवद पडलंय की!" त्या उघड्या दालनातून पुढे गेल्यावर मग खरे घर लागते. गढीचा जो सर्वांत जुना गाभा होता तेवढ्यावरच नवे छप्पर घातले आहे आणि नंतरच्या शतकांत वाढवलेली दालने तशीच उघडी, चौकासारखी ठेवली आहेत. जेथे जुनी दगडी भिंत तुटली आहे तेथे लांबट, पातळ विटांची नवी भिंत तिला जाऊन मिळते आणि हा सांधा कोठेही लपवलेला नाही. तुटलेल्या दाताच्या कडेसारखी वेडीवाकडी रेघ स्पष्ट दिसते. नवी वीट जुन्या दगडाला आधार देते, तर जुना दगड नव्या घराला आडोसा देतो. येथे सजावट कमी आणि बांधकामाचे गणित अधिक आहे, कारण ढासळू पाहणाऱ्या भिंतींना वेगळे टेकू न देता घरानेच त्यांना धरून ठेवले आहे.

घराची मांडणीही उलटी आहे. निजण्याच्या चारही खोल्या तळमजल्यावर आहेत, तर स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल आणि बैठक वरच्या मजल्यावरील एका प्रशस्त दालनात आहे. यामुळे खालच्या खोल्यांत उजेड बेताचा मिळतो, ही माझी एक तक्रार. परंतु वरच्या दालनात बसल्यावर ती विरून जाते. एका बाजूला मोठ्या खिडकीतून चर्च आणि खंदक दिसतो, दुसरीकडे खाली ते उघडे दालन दिसते आणि त्याच्या रित्या खिडक्यांतून पलीकडची शेते. पहिल्या सकाळी पाऊस होता. आम्ही कोरड्यात चहा पीत होतो आणि पाच हातांवर, त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत, पाऊस पडत होता. हा अनुभव कोणत्याही हॉटेलात मिळणार नाही.

आता पैशांविषयी, कारण जुन्या वास्तूंबद्दल लिहिणारे बहुतेक जण येथेच आवाज खाली घेतात. या कामाचा खर्च दहा लाख पौंडांच्या बराच पुढे गेला आणि त्याचा मोठा भार राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीने, 'इंग्लिश हेरिटेज'ने आणि असंख्य देणगीदारांनी उचलला. पाहुण्यांच्या भाड्यातून देखभाल चालते, जीर्णोद्धाराचा मूळ खर्च निघत नाही आणि निघेल अशी कोणाची अपेक्षाही नसते. खाजगी मालकाला एवढे दाते मिळत नाहीत. उलट त्याच्यावर करही बसतो. ब्रिटनमध्ये नवे घर बांधल्यास मूल्यवर्धित कर शून्य आणि जुन्याची दुरुस्ती केल्यास २० टक्के, असा हा उफराटा न्याय आहे. नोंदीकृत घरांतील मंजूर फेरबदलांना पूर्वी करातून मिळणारी सूटही ऑक्टोबर २०१२ पासून काढून घेतली गेली, म्हणजे ॲस्टलीचे काम संपले त्याच वर्षी. दोन वर्षांहून अधिक काळ रिकाम्या पडलेल्या घराच्या नूतनीकरणाला ५ टक्के दर लागू होऊ शकतो, पण हे माहीत नसल्यामुळे पूर्ण कर भरून बसलेले लोक माझ्या परिचयात आहेत. त्यावर वटवाघळांचे सर्वेक्षण असते, कारण ती कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांचा मुक्काम आढळला तर काम ऋतूप्रमाणे थांबवावे लागते. चुन्याचे काम थंडीत करता येत नाही, म्हणून वर्षाचे काही महिने नुसत्या परांचीचे भाडे भरत बसायचे. इकडे ज्याला 'स्कॅफोल्डिंग' म्हणतात, त्या परांचीचा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत कमी धरला जातो आणि शेवटी सर्वांत जास्त बोचतो.

चुन्यावरून आमच्या वाड्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंधरा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने आम्हाला पुढच्या भिंतीचा जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा देण्याचा सल्ला दिला आणि आम्ही तो मोठ्या आनंदाने मानला. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. तीन पावसाळ्यांत भिंतीच्या आतली पांढरी माती भिजून लगदा झाली आणि तिच्यात बसवलेल्या सागवानी खांबांचे पाय कुजले. विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तीच मुळी अतिउत्साही 'जीर्णोद्धारा'ला विरोध करण्यासाठी. जे आहे ते सांभाळा, नसलेले खोटे घडवू नका, हे तिचे धोरण. ॲस्टलीचे घर त्याच विचाराच्या वंशातले आहे, असे मला तेथे वावरताना सारखे वाटत होते.

काका मात्र सहजासहजी विरघळणारे नव्हेत. त्यांचा आक्षेप नेमका होता. "भिंती उघड्या ठेवल्या म्हणजे फुकट पडल्या असं नाही. भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरणार, तिथे पिंपळ उगवणार, दर वर्षी माणूस वर चढवायला लागणार." हे अगदी खरे आहे. इकडे पिंपळ नाही, पण मुरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते आणि दगड फोडते. अवशेष अवशेषांच्याच स्थितीत टिकवणे हा कायमचा खर्च आहे आणि ॲस्टलीचे कौतुक करणारे लेख त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. माझे उत्तर एवढेच होते की, सबंध गढीवर छप्पर घालायचे ठरले असते तर आजवर एकाही खणावर ते पडले नसते. हे घर उभे राहिले ते काय बांधायचे नाही हे आधी ठरवल्यामुळे. बांधायचा की विकायचा या दोन टोकांत अडकलेल्या आमच्या घरच्या चर्चेत 'दोन चौकांपैकी एकच बांधायचा' हा पर्याय चुलत भावाने पहिल्यांदा उच्चारला तो येथे, दुसऱ्या रात्री, भांडी घासताना.

राहण्याच्या सोयींबद्दल थोडक्यात. स्वयंपाकघर सुसज्ज आहे. निळ्या-पांढऱ्या नक्षीची चिनी मातीची भांडी संस्थेच्या इतर घरांतही दिसतात, तीच येथे आहेत. दूरचित्रवाणी संच आणि वायफाय ही संस्था आपल्या घरांतून मुद्दामच ठेवत नाही. मुलांनी पहिली संध्याकाळ कुरकुरत काढली आणि दुसऱ्या दिवसापासून खंदकाच्या काठाने फिरण्यात त्यांचा वेळ कसा गेला ते कळले नाही. वास्तूच्या इतिहासाची आणि दुरुस्तीची जाडजूड वही, त्या परिसराशी संबंधित पुस्तकांचे कपाट आणि पाहुण्यांनी लिहिलेल्या नोंदींची वही या तीन जिन्नसांवरून मी कोणताही दूरचित्रवाणी संच ओवाळून टाकीन. इतिहासाच्या वहीतील आगीनंतरची छायाचित्रे काकूंनी दोनदा पाहिली. शेजारचे सेंट मेरी चर्च चुकवू नये. त्याच्या मनोऱ्याला पूर्वी 'आर्डेनचा कंदील' म्हणत, कारण जंगलातून येणाऱ्या वाटसरूंना तेथील दिवा वाट दाखवत असे. आतील लाकडी आसनांवर प्रेषित आणि संदेष्ट्यांची मध्ययुगीन रंगीत चित्रे अजून टिकून आहेत.

दर स्वस्त नाही. आठ जणांत वाटून घेतल्यास तो बऱ्या हॉटेलच्या खोलीएवढा पडतो, दोघांनीच जायचे असेल तर संस्थेची लहान घरे पाहावीत. तारखा बऱ्याच आधी भरतात, त्यामुळे शाळांच्या सुट्ट्यांत मिळेल अशा आशेवर राहू नये. ज्यांना राहणे परवडत नाही त्यांच्यासाठी संस्था काही वास्तूंमध्ये विनामूल्य दर्शनाचे दिवस ठेवते. राजवाडी थाट, झुंबरे आणि पडदे हवे असलेल्यांनी येथे येऊ नये. विटा, लाकूड आणि काँक्रीटच्या उघड्या तुळया ज्यांना कोरड्या वाटतात त्यांनाही हे घर रुचेल असे नाही, वहिनींना ते शेवटपर्यंत रुचले नाही. मात्र गावाकडे ज्यांचा वाडा, गढी किंवा गोव्यातले जुने घर वारसांच्या सह्यांवाचून खचत चालले आहे, त्यांनी जमल्यास घरातील निर्णय घेणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन, आणि शक्यतो पावसाच्या दिवसांत जावे.

निघण्याच्या सकाळी काकांनी माझ्याकडून मोजपट्टी मागून घेतली आणि छप्पर असलेल्या दालनाची लांबी-रुंदी पावलांनी नव्हे, पट्टीने मोजली. मग वहीत आकडे लिहून घेत म्हणाले, "आपला पुढचा चौक यापेक्षा लहानच असेल."