वायनरी की परमिट रूम?

भाचा विचारतोय, "मामा, बारटेंडर व्हायचंय, अनुभव शून्य. नाशिकच्या गंगापूर धरणाकडच्या वायनरीत लागू की गावातल्या परमिट रूमला?"

परमिट रूममध्ये आधी ग्लास विसळणं, बर्फ फोडणं. पण ३० आणि ६० मिलीचं माप तिथेच हातात बसतं. गिऱ्हाईक "पेग लहान भरला" म्हणणारच. मेजर, म्हणजे मापाचा छोटा पेला, त्याच्यासमोर काठोकाठ भरून ओतायचा, वाद घालायचा नाही.

वायनरीत ओतणं थोडं, बोलणं फार. शेनिन ब्लाँक ही पांढरी वाईन जास्त गार, शिराझ ही लाल वाईन कमी गार का, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगायचं, बऱ्याचदा इंग्रजीत. शनिवार-रविवार विसर. गाडी स्वतःची हवी.

"नोकरीची हमी"वाले कोर्स तूर्त सोड.

बोलघेवड्यानं वायनरी धरावी. हात लवकर तयार करायचा असेल, जागरण झेपत असेल, त्यानं परमिट रूम. तू तसाही दहाच्या आधी उठत नाहीस.