अ‍ॅरॅक्नोट्रॉन : ‘डूम इटर्नल’ अनेक महिने खेळल्यानंतरचा अनुभव

राक्षसांशी बंदुकांनी लढण्याच्या ‘डूम इटर्नल’ या व्हिडिओ गेमची मुख्य मोहीम पूर्ण झाली, ती वरच्या काठिण्यपातळ्यांवर पुन्हा खेळून झाली आणि त्यानंतर मास्टर लेव्हल्स (जुन्याच लेव्हल्सच्या अधिक कठीण आवृत्त्या) व होर्ड मोड (राक्षसांच्या फेऱ्यांमागून फेऱ्या) यांतही बरेच महिने गेले. या काळात त्यातल्या मॅरॉडर या राक्षसाबद्दलच्या तक्रारी आणि आर्च-व्हाइल या दुसऱ्या राक्षसाची धास्ती यांविषयी भरपूर वाचायला मिळाले. मात्र ज्या शत्रूमुळे हा गेम मला अजूनही उघडावासा वाटतो, त्या अ‍ॅरॅक्नोट्रॉनविषयी सविस्तर लिहिलेले फारसे दिसले नाही. म्हणून हा अनुभव केवळ त्याच्यापुरता आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अ‍ॅरॅक्नोट्रॉन म्हणजे एक जिवंत, उघडा, राक्षसी मेंदू असून तो चार धातूच्या पायांच्या यंत्रावर बसवलेला आहे. इटर्नलमध्ये त्याच्या पाठीमागून विंचवाच्या नांगीसारखी वर वळलेली शेपटी येते आणि तिच्या टोकाला प्लाझ्मा फेकणारे टरेट, म्हणजे फिरती तोफ, असते. तो प्रथम १९९४ च्या ‘डूम २’मध्ये आला. १९९७ च्या ‘डूम ६४’मध्ये त्याला एकाऐवजी दोन प्लाझ्मा बंदुका मिळाल्या, २००४ च्या ‘डूम ३’मध्ये आणि २०१६ च्या ‘डूम’मध्ये तो नव्हता आणि २०२० च्या इटर्नलमध्ये तो परतला. परतताना त्याचा जुना चेहरामोहरा जवळजवळ तसाच ठेवला आहे, ही गोष्ट मला मनापासून आवडली.

माझ्या मते हा या गेममधला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला शत्रू आहे, कारण त्याच्या शरीराचा यांत्रिक भाग केवळ शोभेसाठी नाही. टरेट शाबूत असेपर्यंत तो लांबून प्लाझ्माचा सलग मारा करतो, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहूनही तुमच्या हालचालींवर बंधन आणतो आणि भिंतीवर चढून वरूनही तेच करतो. टरेट फुटले की त्याचा लांबचा मारा संपतो आणि त्याला जवळ यावे लागते. म्हणजे एका अचूक नेमाने तुम्ही त्याला मारत नाही, तर त्याला वेगळा शत्रू करून टाकता. रेव्हनंट या राक्षसाच्या खांद्यांवरच्या तोफा आणि मॅनक्युबस या राक्षसाच्या हातांवरच्या तोफाही अशाच तोडता येतात. परंतु त्या दोन-दोन असतात आणि लढाईच्या धांदलीत बहुधा एक तोडून आपण पुढे सरकतो. अ‍ॅरॅक्नोट्रॉनचे टरेट एकच असल्याने निर्णय स्वच्छ राहतो : फोडायचे की नाही, आणि फोडायचे तर केव्हा.

हे टरेट फोडण्याचे दोन मार्ग मी सतत वापरले. हेवी कॅनन या बंदुकीच्या प्रिसिजन बोल्ट मॉडने (बंदुकीला जोडायच्या, अचूक माऱ्याच्या भागाने) नेम धरला की दृश्य जवळ येते, मेंदूच्या मागून डोकावणारे टरेट पायांच्या तालावर किंचित डोलताना दिसते आणि बोल्ट नीट बसला की तुटलेल्या भागातून ठिणग्या उडतात. यातली अडचण अशी की नेम धरताना स्वतःची चाल मंदावते, आणि या गेममध्ये जो मंदावला तो मेला. त्यावर उपाय म्हणून त्याच मॉडमध्ये नेम धरतानाचा वेग वाढवणारी सुधारणा आहे. दुसरा मार्ग म्हणजे कॉम्बॅट शॉटगनचे चिकटणारे बॉम्ब. एका भरणीत तीन मिळतात, नेम तितका काटेकोर लागत नाही, आणि उडी मारून त्याच्या डोक्यावरून जाताजाता बॉम्ब टाकण्यात जे समाधान आहे ते बोल्टमध्ये नाही. माऊसने खेळणाऱ्याला बोल्ट सोपा जाईल, कंट्रोलरवर खेळणाऱ्याला मी बॉम्बच सुचवीन.

सुरुवातीच्या आठवड्यांत हा सगळा प्रकार ‘दिसला की टरेट फोडा’ एवढ्यावर आटोपतो आणि गेमही तुम्हाला तसेच शिकवतो. पण काठिण्य वाढले आणि मैदानात एकाच वेळी बरेच जड राक्षस उतरू लागले की क्रम महत्त्वाचा होतो. अरुंद जागेत दोन हेल नाइट अंगावर धावत असताना टरेट फोडले, तर तिसरा धोकाही जवळच येऊन उभा राहतो. अशा वेळी एखाद्या खांबाआड राहून अ‍ॅरॅक्नोट्रॉनला लांबच ठेवणे आणि आधी नाइटांचा निकाल लावणे शहाणपणाचे ठरते. याउलट मोकळ्या मैदानात, जिथे आडोसा नाही, तिथे सर्वांत आधी त्याचेच टरेट जायला हवे, मग बाकीचे कोणी का असेनात. महिनोन्‌महिने खेळूनही कंटाळा येत नाही तो याच हिशेबामुळे.

इटर्नलमध्येच, नायकाच्या अंतराळातील किल्ल्यात ठेवलेल्या संगणकावर, मूळ ‘डूम २’ खेळता येतो. दोघांची तुलना करायची असेल तर ती जरूर करावी. जुन्या गेममध्ये अ‍ॅरॅक्नोट्रॉनला कमकुवत भाग नाही. त्याची सहनशक्ती ५०० आहे, म्हणजे मॅनक्युबसच्या ६०० पेक्षा थोडी कमी आणि त्याच्या थोरल्या भावंडाच्या, स्पायडर मास्टरमाइंडच्या, ३००० पुढे किरकोळ. त्याचा प्लाझ्माचा प्रत्येक गोळा ५ ते ४० एवढी इजा करतो, आणि खेळाडूच्या प्लाझ्मा गनचा गोळाही नेमका तेवढीच करतो. तुमच्यावर तुमचेच शस्त्र रोखले आहे, ही जाणीव त्या लढाईला वेगळीच धार देते. एकदा मारा सुरू केला की तुम्ही नजरेआड होईपर्यंत तो सहसा थांबत नाही, म्हणून कोपरा गाठणे हाच तेव्हाचा बचाव होता. शिवाय गोळी लागल्यावर तो दचकण्याची शक्यता जवळपास निम्मी असल्यामुळे चेनगन सलग चालवली तर त्याला गप्प ठेवता येते. सातव्या लेव्हलमध्ये सगळे मॅनक्युबस मेल्यावर भिंती उघडतात आणि अ‍ॅरॅक्नोट्रॉन बाहेर पडतात, तेव्हा या दोन्ही युक्त्यांची परीक्षा होते. नव्या गेममध्ये बचाव सुटा भाग फोडण्यात आहे, जुन्यात तो जागा आणि सातत्य यांत होता. मला नवी रचना अधिक समृद्ध वाटते, परंतु जुन्या रचनेतला कोपऱ्यामागे दबकून पायांचा खणखणाट ऐकण्याचा ताण नव्यात उरलेला नाही.

काही उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे गेम त्याचे मर्म फार लवकर सांगून टाकतो. तो पहिल्यांदा समोर येताच खेळ थांबवून टरेट कशाने फोडायचे ते पडद्यावर लिहून दाखवले जाते. इतक्या सुबक रचलेल्या शत्रूचा दुबळेपणा खेळाडूने स्वतः हेरला असता तर पहिल्या भेटीचा आनंद कितीतरी पटींनी वाढला असता, कारण टरेट इतके ठळक आहे की चार-दोन मिनिटांत कोणाच्याही ते लक्षात आले असते. दुसरी उणीव गर्दीची आहे. मोठ्या लढाईत इतके चमकणारे मारे एकाच वेळी हवेत असतात की त्याचा प्लाझ्मा कुठून येतो आहे ते चटकन उमगत नाही. हेडफोन लावून खेळल्यास यात बराच फरक पडतो. ग्लोरी किलची, म्हणजे घायाळ राक्षसाला जवळून संपवण्याची, दृश्ये काही काळाने सरावाची होतात, पण ते बहुतेक राक्षसांबाबत खरे आहे.

नव्याने खेळायला घेणाऱ्याला माझा सल्ला एवढाच की सुरुवातीला शॉटगनसाठी चिकटणारे बॉम्बच निवडावेत आणि शस्त्रसुधारणेचे पुढचे गुण हाती येताच ते प्रिसिजन बोल्टच्या वेगवाढीत घालावेत. हे दोन्ही हाताशी असले की होर्ड मोडच्या पुढच्या फेऱ्यांत दोन अ‍ॅरॅक्नोट्रॉन एकत्र आले तरी जवळच्यावर बॉम्ब टाकून लगेच शस्त्र बदलता येते आणि लांबच्याचे टरेट बोल्टने टिपता येते.