चौकटीच्या बोर्डावर आठ महिने

जुलैत शाळा उघडल्या तेव्हा नववीतल्या पोरासाठी नागपूरच्या सीताबर्डीहून चौकटी आखलेला पांढरा बोर्ड आणला. ४५० रुपये, ६० बाय ४५ सेंटीमीटर, चौकट ३ सेंटीमीटरची. आडव्या वीस, उभ्या पंधरा. गोम या पंधरातच आहे. विषम आकडा, म्हणून आडवा अक्ष बरोबर मधोमध येतच नाही, वर सात आणि खाली आठ चौकटी ठेवाव्या लागतात. बनवणाऱ्याने एकदा तरी आलेख काढून पाहायला हवा होता.

पोराचा गोंधळ (४, −३) हा बिंदू मांडताना आधी कुठे जायचं हा. आपल्या मेट्रोनेच तो सोडवला. सीताबर्डी आरंभबिंदू, ॲक्वा लाइन पूर्व-पश्चिम, ऑरेंज दक्षिणोत्तर. खरे मार्ग वळणं घेतात, ते सोडा. आधी ॲक्वाने पूर्वेला प्रजापती नगरकडे चार, मग ऑरेंजने दक्षिणेला खापरीकडे तीन. 'आधी ॲक्वा, मग ऑरेंज' त्याच्या तोंडात असं बसलं की आता चरणही, म्हणजे अक्षांनी पाडलेल्या चार भागांतला नेमका भागही, चुकत नाही.

बोर्डाचे पैसे वसूल झाले ते क्षेत्रफळात. (१, १), (७, १), (४, ५) हा त्रिकोण. त्याने पाया ७ धरला, उंची ५, उत्तर साडेसतरा. म्हटलं, बोट ठेवून मोज. तो ठिपके मोजत होता, मधल्या चौकटी नाही! पाया ६, उंची ४, क्षेत्रफळ १२. वहीत हीच चूक मी चारदा लाल केली असेल, त्याला ती दिसली बोर्डावर.

पैशाच्या गणिताला मात्र बोर्ड अर्ध्या वाटेपर्यंतच. आमची खोली १२ बाय १० फूट, टाइल दोन बाय दोनची, भाव ६५ रुपये चौरस फूट. चौकटी मोजून ३० टाइल्स आणि ७,८०० रुपये त्याने पटकन सांगितले. दुकानात गेलो तर पेटीत चार टाइल्स.

"मग साडेसात पेट्या द्या ना काका."

"पेटी फोडून देत नाही बाप्पा."

आठ पेट्या, १२८ चौरस फूट, ८,३२० रुपये. उरलेल्या दोन टाइल्स तुटफुटीला ठेवल्या.

तक्रार एकच मोठी. मार्करची शाई दोन दिवस राहिली की कोरड्या डस्टरने निघत नाही. स्पिरिटने पुसलं, तर डाव्या कोपऱ्यातल्या छापील रेघाही फिकट झाल्या. त्या कोपऱ्यात आता पट्टी लावून रेघा मारतो. घेणार असाल तर रोज पुसा, आणि दोन्हीकडे सम चौकटी आहेत का ते दुकानातच मोजून घ्या.