लाडकी बहीण चालू ठेवावी की संजय गांधी निराधारला अर्ज करावा? दिव्यांग महिलांसाठी

ऑक्टोबर 2025 पासून संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या दिव्यांगांना महिन्याला 2500 रुपये मिळू लागले. त्याआधी 1500 मिळायचे, म्हणजे लाडकी बहीणइतकेच. रक्कम सारखी होती तोवर कुणी फारसं विचारत नव्हतं. आता मात्र लाडकी बहीण घेणारी प्रत्येक दिव्यांग बाई विचारते, हे सोडून तिकडे जायचं का? दोन्ही एकदम घेता येत नाहीत, कारण सरकारच्या दुसऱ्या योजनेतून 1500 किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही.

माझ्या मावशीच्या घरी हा प्रश्न फार आधी आला आणि तेव्हा आम्ही तो नीट सोडवला नाही. मावशीच्या दोन मुली, दोघी अविवाहित. थोरलीच्या डाव्या पायात लहानपणापासून पोलिओ. धाकटी घरी बसून ब्लाउज शिवते. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा अंगणवाडीत रांगा लागल्या. मोबाइलवर अर्ज, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. थोरलीचा अर्ज भरून टाकला. पण या योजनेत एका कुटुंबातून एकाच अविवाहित महिलेला लाभ मिळतो, त्यामुळे धाकटी तिथंच बाद झाली. तेव्हाच थोरली संजय गांधीत आणि धाकटी लाडकी बहीणमध्ये गेली असती तर घरात तीन हजार आले असते. मावशी म्हणाली, "असू दे गं, दीड हजार तरी येतायत." मला ते अजून लागतं. कारण 15 ऑक्टोबर 2024 ला लाडकी बहीणची नोंदणी थांबली, आणि धाकटीची वाट बंद झाली.

म्हणून आधी एवढं पक्कं लक्षात ठेवा, लाडकी बहीणमधून बाहेर पडणं सोपं आहे, परत शिरणं नाही. संजय गांधीची मंजुरी हातात येईपर्यंत ती सोडू नका.

दाखल्यावरचा आकडा

लोक 1500 आणि 2500 समोरासमोर ठेवतात. खरा फरक उत्पन्नाच्या अटीत आहे. लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. संजय गांधीत इतरांसाठी मर्यादा 21 हजार आहे आणि दिव्यांगांसाठी 50 हजार. वर्षाला 50 हजार म्हणजे दिवसाला साधारण 137 रुपये, आणि तेही अख्ख्या कुटुंबाचे. घरात एक माणूस नियमित मजुरीला जात असला तरी ही रेघ ओलांडली जाते. ज्या घरात दिव्यांग माणूस आहे तिथं औषधं, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), दवाखान्याच्या फेऱ्या यांचा खर्च उलट जास्त असतो. ही मर्यादा अन्यायाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती वाढवायलाच हवी. पण आजचा अर्ज आजच्या मर्यादेवरच पास होणार.

लाडकी बहीणच्या वेळी रेशनकार्डावर भागलं म्हणून अनेकींनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कधी काढलेलाच नाही. तो आधी काढा. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज होतो, तलाठ्याचा अहवाल लागतो. त्यावर 50 हजारांच्या आतला आकडा आला तर पुढं जा. 70 किंवा 90 हजार आला तर लाडकी बहीण चालू ठेवणंच शहाणपणाचं. एजंट सांगतात, "आकडा कमी करून देतो." त्या फंदात पडू नका. पुढं पडताळणी झाली तर अनुदान बंद होतं, शिवाय आधी घेतलेल्या पैशांचा हिशोब द्यावा लागतो.

दारिद्र्यरेषेच्या यादीत कुटुंबाचं नाव असेल तर त्या यादीचा साक्षांकित उतारा उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी चालतो. बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं.

टक्केवारी

संजय गांधीला किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. जुनं, हाताने लिहिलेलं, कोपऱ्यात फोटो चिकटवलेलं प्रमाणपत्र आता पुरत नाही. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्रं यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) पोर्टलवरूनच दिली जातात. स्वावलंबन कार्डच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं.

थोरलीबरोबर मी गेले होते. डॉक्टरांनी कॅलिपर काढायला लावला, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांवर टेप धरला आणि दोन आकडे कागदावर लिहिले. मग पाय वर उचल, माझ्या हाताला ढकल, असं करत एकेका स्नायूची ताकद पाहिली. तिला 55 टक्के मिळाले आणि पिवळ्या रंगाचं कार्ड आलं. कार्डाचे रंग तीन: 40 टक्क्यांच्या आत पांढरा, 40 ते 80 पर्यंत पिवळा, 80 आणि त्यावर निळा. तपासणीला जाताना जुने कागद, ऑपरेशनची कागदपत्रं, एक्स-रे असतील ते सगळे न्या. आणि नेहमी वापरता ती काठी, कॅलिपर किंवा कानाचं मशीन घेऊनच जा. "बरं दिसावं" म्हणून कुणी ते घरी ठेवून जातं, तसं करू नका.

एक बाब जिवाला लागते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर नियमाप्रमाणे 30 टक्केच धरले जातात. अशा बाईला संजय गांधीचं दार या वाटेने उघडत नाही. तिने लाडकी बहीण अजिबात सोडू नये. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदतही बघा. मुदत संपली की अनुदान अडकतं.

80 टक्क्यांवर असाल आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत असाल, तर तहसीलमधून इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजनेतही नाव घातलं जातं. 18 ते 79 वयाच्या लाभार्थ्यांना केंद्राचे 300 रुपये त्यातून येतात आणि उरलेली भर राज्य संजय गांधीतून घालतं. पासबुकात दोन वेगळ्या नोंदी दिसल्या तर घाबरू नका.

पुढच्या वर्षांचा विचार

लाडकी बहीण 21 ते 65 वयासाठी आहे. 65 झाली की संपते. संजय गांधीही 65 पर्यंतच आहे, पण त्यानंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे आणि तिथल्या दिव्यांगांनाही ही वाढ लागू झाली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या बाईसाठी मला ही गोष्ट महिन्याच्या हजारापेक्षा मोठी वाटते.

लाडकी बहीण घरातल्या इतरांच्या परिस्थितीवर टांगलेली आहे. घरात कुणी आयकर भरणारा असला, चारचाकी असली, सरकारी नोकरीत कुणी असलं तर लाभ जातो. 2025 मध्ये ई-केवायसी आली, तीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. मावशीकडे काका जाऊन बरीच वर्षं झाली, थोरलीचं गाडं तिथंच अडलं होतं. संजय गांधीत कुटुंबाच्या उत्पन्नाची अट सोडली तर तिचं नाव तिच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर उभं राहतं. मात्र वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकवू नका.

वेळेच्या बाबतीत लाडकी बहीण सरस होती हे मान्य करायला हवं. संजय गांधीचा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत जातो, छाननी होते, मग तालुका समितीपुढं येतो. समितीची बैठक लांबली की अर्ज पडून राहतो. त्यामुळे अर्जाची पोच घ्या, तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, महिन्यातून एकदा जाऊन विचारा. सोबत यूडीआयडी प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, पासबुक. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का हे बँकेत जाऊन विचारा. 2024 च्या अखेरीपासून हे पैसे थेट आधार-संलग्न खात्यात येतात, आणि आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असेल तर ते भलत्याच बँकेत जाऊन पडतात.

मंजुरीचं पत्र आलं की महिला व बालविकास कार्यालयात लेखी कळवा की आता लाडकी बहीण नको, आणि त्याचीही पोच घ्या. दोन्हीकडचे पैसे काही महिने येत राहिले तर लाडकी बहीणचे वापरू नका, परत मागतील.

निर्णय काहीही होवो, यूडीआयडी कार्ड मात्र काढाच. एसटीत सगळ्याच महिलांना 50 टक्के सवलत आहे, पण दिव्यांगांना 75 टक्के मिळते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, तिथंही मागणी करताना हेच कार्ड दाखवायचं.

थोरलीचा उत्पन्नाचा दाखला 46 हजारांचा आला. अर्ज दिला आहे, पोच मावशीने देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवली आहे. मंजुरी येईपर्यंत लाडकी बहीणचे 1500 चालू आहेत.